बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री उर्फ बाबूराव पेंटर (जन्म : कोल्हापूर, ३ जून १८९०, मृत्यू : कोल्हापूर, १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार, रंगभूमीवरील पडद्यांचे रंगकर्मी, चित्रपट दिग्दर्शक आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक होते. कोल्हापूरच्या चित्रपट व्यवसायाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. 'कलामहर्षी' या उपाधीने त्यांचा उल्लेख केला जातो. संगीत नाटकांचे पडदे रंगवण्यापासून त्यांच्या कलाजीवनाला आरंभ झाला. पुढे मूकपटांची सचित्र भित्तिपत्रके आणि माहितीपुस्तिका तयार करून त्यांनी खेळाच्या जाहिरातीला चित्रकलेचा दर्जा मिळवून दिला. 'कल्याण खजिना' (१९२४) या त्यांच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक हे भारतीय चित्रपटाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने सचित्र भित्तिपत्रक मानले जाते.

जन्म व जडणघडण

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरातील कारागीर कुटुंबात झाला. मेस्त्री हे त्यांचे मूळ आडनाव. वडील कृष्णराव हे हस्तकौशल्यात निपुण होते. लाकूड, धातू आणि कोरीवकाम यांची हत्यारे घरातच असल्याने बाबूरावांना साहित्याची आणि अवजारांची ओळख लहानपणीच झाली. चित्रकला व मूर्तिकला यांचे रीतसर शालेय शिक्षण त्यांना मिळाले नाही. निरीक्षण, सराव आणि घरातील कारागिरीचा वारसा यांच्या बळावर ते घडले. यंत्र उलगडून पाहण्याची आणि ते पुन्हा जुळवण्याची आवडही त्यांना याच वातावरणातून लागली. पुढे कॅमेरा तयार करताना हीच आवड उपयोगी पडली.

त्यांच्या वाढत्या वयातील कोल्हापूर हे कलांना आश्रय देणारे संस्थान होते. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गानसम्राट उस्ताद अल्लादियाखाँ होते आणि आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार याच नगरीत काम करत होता. नाटक मंडळ्यांचे मुक्काम आणि गायनाच्या बैठका नित्याच्या होत्या. गायक, नट, चित्रकार आणि कारागीर यांचा एकमेकांशी रोजचा संबंध येत असे. बाबूरावांच्या पुढील आयुष्यातील अनेक सहकारी आणि आश्रयदाते याच वर्तुळातून आले.

संगीत रंगभूमी आणि चित्र

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचे पर्व सुरू झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही रंगभूमी वैभवाच्या शिखरावर होती. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्यासारखे गायकनट स्त्रीभूमिका करत आणि त्यांच्या पदांनी रात्री जागत. पारशी-गुजराती रंगभूमीवर गाण्यांच्या जोडीला नृत्ये आणि दृश्यचमत्कारही असत. त्यांच्याशी होणाऱ्या स्पर्धेमुळे मराठी मंडळ्यांनाही नेपथ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागले.

याच सुमारास युरोप व अमेरिकेत संगीतिकांची आणि नृत्यप्रधान खेळांची प्रसिद्धी छापील चित्रांतून होत होती. घरोघरी पियानो असलेल्या वर्गासाठी गाण्यांची स्वरलिपी छापली जाई आणि तिच्या मुखपृष्ठावर नर्तकीचे किंवा नटाचे शिलामुद्रित चित्र असे. लंडनमधील आल्फ्रेड कॉन्कॅनेन हा एकोणिसाव्या शतकातील चित्रकार अशा मुखपृष्ठांसाठीच प्रसिद्ध झाला. ज्यांनी प्रयोग पाहिला नाही, त्यांच्यापर्यंत त्या नृत्याची एक मुद्रा या कागदावरून पोहोचत असे.

महाराष्ट्रात परिस्थिती निराळी होती. येथे गाणे कानाने शिकले जाई. नाटक मंडळ्या पदांच्या पुस्तिका विकत. त्यांत पदाच्या वर राग, ताल आणि चाल यांचा निर्देश असे. नाटकांची हस्तपत्रकेही बहुतेक अक्षरांनीच भरलेली असत. नाटकाचे नाव, प्रमुख नटांच्या भूमिका, वेळ आणि तिकिटाचे दर एवढा मजकूर त्यांवर येई. संगीत नाटकाचे चित्र प्रेक्षकाला दिसे ते प्रामुख्याने रंगमंचावरील पडद्यावर. त्यामुळे युरोपात जे काम मुखपृष्ठ रंगवणारे चित्रकार करत होते, त्याच्याशी जवळचे नाते असलेले काम येथे पडदे रंगवणाऱ्यांकडे होते.

पडद्यांचे रंगकाम

बाबूरावांनी आपले आप्त आणि सहकारी आनंदराव यांच्यासह पडदे रंगवण्याचा व्यवसाय केला. आनंदराव हे वयाने आणि अनुभवाने मोठे होते. १९१० ते १९१६ या काळात ही जोडी पश्चिम भारतातील नाटकी पडद्यांच्या अग्रगण्य चित्रकारांत गणली जात होती. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसह अनेक संगीत नाटक मंडळ्यांसाठी, तसेच पारशी-गुजराती मंडळ्यांसाठी त्यांनी पडदे रंगवले. या व्यवसायामुळेच 'पेंटर' हे नाव दोघांना चिकटले आणि मूळचे मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

फिरत्या नाटक मंडळीचा पडदा हे मोठे आणि अवघड काम असे. जाड कापडावर अस्तराचा हात देऊन त्यावर रंग चढवले जात. राजवाडा, रस्ता, उपवन, अरण्य, देऊळ, तुरुंग अशी ठरावीक दृश्ये प्रत्येक मंडळीजवळ असत. कापड लांब दांड्यावर गुंडाळून एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावे लागे. त्यामुळे रंगाचे पोपडे निघणार नाहीत, घडी पडली तरी चित्र बिघडणार नाही आणि दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही खोली जाणवेल, अशी दक्षता घ्यावी लागत असे. आनंदराव व बाबूराव यांच्या पडद्यांमध्ये यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश यांचा विचार असे. सपाट कापडावर लांबवर जाणारी वाट किंवा खांबांची ओळ उभी करण्याचे त्यांचे कौशल्य नावाजले गेले.

या कामासाठी त्यांनी तरुण कलावंत हाताशी धरले. पेण येथील विष्णुपंत दामले आणि कागल येथील एस. फत्तेलाल हे त्यांच्यापैकी प्रमुख होत. पुढे मराठी चित्रपटाच्या इतिहासात अविभाज्य ठरलेली ही जोडी पडद्यांच्या रंगशाळेत घडली.

पॅलेस थिएटर आणि मंगळवार पेठ

१९०२ सालच्या युरोप दौऱ्यात शाहू महाराजांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले होते. त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान उभारण्यात आले. मैदानाला लागून १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधले गेले. मंगळवार पेठेतील हे नाट्यगृह आज संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह या नावाने ओळखले जाते. बांधीव रंगमंच, त्याखालील मोकळी जागा आणि आवाज दूरपर्यंत पोहोचेल अशी रचना असलेले हे नाट्यगृह उभे राहिल्यामुळे संगीत मंडळ्यांना कोल्हापुरात हक्काचे स्थान मिळाले.

केशवराव आणि बाबूराव यांचा जन्म एकाच वर्षी, म्हणजे १८९० साली, आणि एकाच नगरीत झाला. केशवरावांनी १९०८ साली ललितकलादर्श मंडळी स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमान' या प्रयोगात ते बालगंधर्वांबरोबर उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत बाबूराव पडद्यांचे काम मागे ठेवून चित्रपटाकडे वळलेले होते. संगीत रंगभूमीच्या भरभराटीत वाढलेली कोल्हापूरची कलाशक्ती याच वर्षांत नव्या माध्यमाकडे सरकू लागली होती.

पडद्याकडून रुपेरी पडद्याकडे

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. तो पाहून आनंदराव व बाबूराव दोघेही भारावले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रक्षेपक विकत घेतला. त्यावर चित्रपट दाखवून या माध्यमाचा अभ्यास केला आणि स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. हे काम अपुरे असतानाच १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने ते पुढे चालवले आणि १९१८ साली कॅमेरा पूर्णत्वास नेला.

१ डिसेंबर १९१७ रोजी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली. भांडवलाचा प्रश्न बिकट होता. बँकेकडून किंवा सावकाराकडून अशा उद्योगाला पैसे मिळण्यासारखी स्थिती नव्हती. अशा वेळी कोल्हापूरच्या नामवंत गायिका तानीबाई कागलकर यांनी कंपनीला कर्जाऊ रक्कम दिली. शाहू महाराजांचाही कंपनीला आश्रय होता. मराठी मूकपटाच्या या महत्त्वाच्या संस्थेचा पाया अशा रीतीने एका गायिकेच्या पैशावर घातला गेला.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. त्याचे कथानक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' या नाटकाशी संबंधित होते. त्या नाटकावर सरकारने १९१० साली बंदी घातली होती. रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करत असताना आणि फाळक्यांनाही पहिल्या चित्रपटासाठी नट योजावा लागलेला असताना, बाबूरावांनी गुलाबबाई व अनसूयाबाई या स्त्रियांना भूमिका दिल्या. त्यांना पडद्यावर अनुक्रमे कमलादेवी व सुशीलादेवी ही नावे देण्यात आली. त्या काळी चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रीला समाजाचा रोष पत्करावा लागे. लोकमान्य टिळकांनी या चित्रपटाचा गौरव करून बाबूरावांना सुवर्णपदक आणि 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

दिग्दर्शनाची रीत

बाबूराव दिग्दर्शनाआधी चित्र काढत. प्रसंगाची मांडणी, पात्रांचे पोशाख, दागिने, उभे राहण्याची ढब आणि हालचाल यांची रेखाटने करून ती सहकाऱ्यांच्या हाती दिली जात. आरंभीचे अनेक भारतीय मूकपट रंगवलेल्या सपाट पडद्यापुढे चित्रित होत. पडदे रंगवण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेल्या बाबूरावांनी मात्र चित्रपटात सपाट पडद्याची मर्यादा ओळखली आणि त्रिमितीय नेपथ्याचा पुरस्कार केला. रंगमंचावर कापडावर निर्माण केलेली खोली त्यांनी कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष खांब, भिंती आणि अवकाश यांतून साधली.

'सिंहगड' (१९२३) हा हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर आधारलेला चित्रपट होता. त्यात त्यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. 'सावकारी पाश' (१९२५) हा नारायण हरि आपटे यांच्या कथेवरचा चित्रपट. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी त्यात मांडलेली होती. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पौराणिक व ऐतिहासिक विषयांच्या त्या काळात समकालीन ग्रामीण जीवनाचे वास्तव दर्शन घडवणारा हा चित्रपट भारतीय सामाजिक चित्रपटाचा एक आरंभबिंदू समजला जातो.

भित्तिपत्रके आणि माहितीपुस्तिका

मूकपटाला आवाज नव्हता. चित्रपटगृहात पडद्याजवळ बसलेले पेटी-तबलावादक प्रसंगानुरूप साथ करत, परंतु नटांचे नाव किंवा गाण्याची कीर्ती या बळावर प्रेक्षक खेचण्याचा संगीत रंगभूमीचा मार्ग चित्रपटाला उपलब्ध नव्हता. प्रेक्षकांतील फार मोठा वर्ग निरक्षर असल्याने अक्षरांनी भरलेली हस्तपत्रकेही अपुरी पडत. या दोन्ही अडचणींवर बाबूरावांनी चित्राचा उपाय योजला. चित्रपटातील प्रसंग रंगवलेली भित्तिपत्रके ते स्वतः तयार करत. त्यांमुळे खेळाचा विषय आणि त्याची भव्यता अक्षर न वाचताही रस्त्यावरच्या माणसाला कळू लागली.

यासोबत कंपनी आपल्या चित्रपटांच्या सचित्र माहितीपुस्तिका प्रसिद्ध करत असे. त्यांत कथानकाची माहिती आणि चित्रपटातील प्रसंगांची छायाचित्रे असत. नाट्यगृहाच्या दारात विकल्या जाणाऱ्या पदांच्या पुस्तिकेची जागा मूकपटात या पुस्तिकांनी घेतली. पदांची पुस्तिका घरी नेऊन रसिक ती पदे गुणगुणत. चित्रपटाची पुस्तिका पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोशाख, मुद्रा आणि नेपथ्य पुन्हा उभे राहत असे.

'कल्याण खजिना' हा शिवकालीन विषयावरील चित्रपट १९२४ साली प्रदर्शित झाला. त्याचे भित्तिपत्रक आज चित्रपटकलेच्या अभ्यासात मैलाचा दगड मानले जाते. हाताने रंगवलेल्या चित्रपट-भित्तिपत्रकांची जी परंपरा पुढे अनेक दशके भारतभर चालली, तिच्या आरंभीच्या ज्ञात कृतींत त्याचे स्थान आहे.

शिष्य आणि कंपनीचा अस्त

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही निर्मितीसंस्थेइतकीच शिक्षणसंस्थाही ठरली. लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत काम केलेले शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, १९२० च्या सुमारास कंपनीत दाखल झाले. रंगकाम, नेपथ्य, रसायनप्रक्रिया, संकलन, अभिनय अशी सर्व कामे त्यांनी तेथे शिकून घेतली. 'सिंहगड' चित्रपटातील त्यांची शेलारमामाची भूमिका गाजली. दामले व फत्तेलाल यांनी छायाचित्रण व कलादिग्दर्शनात प्रभुत्व मिळवले.

१९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी कंपनी सोडली व सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. गुरूच्या संस्थेला हा मोठा धक्का होता. एकाच वेळी दिग्दर्शक, तंत्रज्ञ आणि कलादिग्दर्शक गेल्याने कंपनीचा कणाच मोडला. बोलपटाचे आगमनही याच सुमारास झाले आणि मूकपटांवर उभी असलेली महाराष्ट्र फिल्म कंपनी थोड्याच वर्षांत बंद पडली. 'प्रभात'ने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला आणि १९३३ साली आपले बिऱ्हाड पुण्याला हलवले. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला. बाबूरावांच्या रंगशाळेत तयार झालेली दृष्टी अशा रीतीने त्यांच्या शिष्यांच्या हातून जगापुढे गेली.

उत्तरायुष्य

बोलपटाच्या काळात बाबूरावांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी 'उषा' (१९३५) आणि 'प्रतिभा' (१९३७) हे चित्रपट दिग्दर्शित केले. 'सावकारी पाश' हा विषय त्यांनी १९३६ साली बोलपटाच्या रूपाने पुन्हा हाताळला. मात्र त्यांच्या कारकिर्दीला मूकपटाच्या काळातील तेज पुन्हा लाभले नाही. मधल्या काळात त्यांनी चित्रकला व शिल्पकला यांकडे अधिक लक्ष दिले. कोल्हापुरातील शिवाजी चौकात १९४५ साली बसवण्यात आलेला शिवछत्रपतींचा अर्धपुतळा त्यांनी घडवलेला आहे.

१९४७ साली शांतारामांच्या राजकमल कलामंदिराचा 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट आला. त्याच्या दिग्दर्शनावर बाबूराव आणि शांताराम या दोघांची नावे आहेत. पेशवाईतील शाहिराच्या जीवनावरील या चित्रपटात जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या प्रमुख भूमिका होत्या, पटकथा व गीतलेखनात ग. दि. माडगूळकर यांचा सहभाग होता आणि संगीत वसंत देसाई यांचे होते. ढोलकी, लावणी आणि नृत्य यांनी भरलेल्या या चित्रपटाला मोठी लोकप्रियता मिळाली. मराठीतील पुढील तमाशापटांच्या लाटेचे उगमस्थान म्हणून त्याचा निर्देश केला जातो. संगीत रंगभूमीच्या पडद्यांपासून निघालेल्या बाबूरावांना उत्तरायुष्यात पुन्हा एकदा गाणे आणि नृत्य यांच्याच विषयाकडे यावे लागले; फरक इतकाच की आता ते नाचणे कॅमेरा टिपत होता आणि गाणे ध्वनिपट्टीवर उमटत होते.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

वारसा व अवशेष

बाबूरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक चित्रपट आज नष्ट झाले आहेत. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही होती आणि काळाच्या ओघात ती विघटितही होत असे. जुना झालेला चित्रपट जपण्याचे कोणालाही कारण वाटत नव्हते. 'मुरलीवाला' (१९२७) यांसारख्या मोजक्या चित्रपटांचे अंश तेवढे मागे उरले. 'सैरंध्री' आणि 'सिंहगड' यांचा परिचय अभ्यासकांना लिखित वर्णने, छायाचित्रे आणि प्रसिद्धिसाहित्य यांवरूनच करून घ्यावा लागतो. रंगवलेल्या पडद्यांचीही तीच गत झाली. प्रवासात झिजलेले कापड मंडळी टाकून देत किंवा त्यावर नवे दृश्य रंगवून घेत. संगीत रंगभूमीवरील नटांच्या हालचालींचे आणि अभिनयाचे चलत्चित्रण त्या काळी झाले नाही. त्यांची गाणी ध्वनिमुद्रिकांमुळे काही प्रमाणात टिकली, तथापि ज्या दृश्यापुढे ती गायली गेली ते दृश्य हरपले.

अशा स्थितीत खेळ संपल्यावर फेकून देण्यासाठी छापलेला कागद हाच त्या कलेचा महत्त्वाचा साक्षीदार ठरला आहे. भित्तिपत्रक, पुस्तिका आणि छायाचित्रे यांवरून बाबूरावांची मांडणी, पोशाखांची जाण आणि आकृतीची बैठक यांचा अंदाज बांधता येतो. युरोपात जुन्या नृत्यांचा अभ्यास करणारे गाण्यांच्या मुखपृष्ठांचा जसा आधार घेतात, तसाच आधार मराठी मूकपटाच्या अभ्यासकाला या कागदांचा असतो. मात्र त्यावर विसंबताना एक सावधगिरी आवश्यक असते. जाहिरातीचे चित्र हे खेळाची हुबेहूब नोंद नसून प्रेक्षकाला आकर्षून घेण्यासाठी निवडलेला व रंगवलेला क्षण असते.

कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे बाबूरावांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याची प्रतिकृती असलेला स्तंभ उभारण्यात आला असून महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनादिनी तेथे अभिवादन केले जाते. मंगळवार पेठेतील केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली आणि त्यात या वास्तूची मोठी हानी झाली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. या घटनेनंतर कोल्हापूरच्या रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या उरलेल्या वारशाचे जतन हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. चित्रपट, पडदे आणि रंगमंच एकामागून एक काळाच्या व आगीच्या स्वाधीन होत असताना, बाबूरावांची भित्तिपत्रके, पुस्तिका आणि शिल्पे हेच त्यांच्या कार्याचे हाती उरलेले मुख्य पुरावे आहेत.